चिंबोऱ्यांचं झाड कोणी जपायचं

५ जानेवारी, वरसे
पेण-रोह्यात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्यांच्या गटाचा मी निमंत्रक झालो. एकमताने. बाकी कोणी तयार नव्हतं, पण एकमत ते एकमत. काम मोठं: कुठला प्राणी कुणाचा किती जवळचा, हे डीएनएवरून मांडलेले वंशवृक्ष ऑनलाइन एका ठिकाणी ठेवायचे, मागेल त्याला द्यायचे. नियम मी लिहिणार. पहिलं झाड माझंच चढणार. खाडीतल्या काळ्या नांगीच्या आणि तांबड्या नांगीच्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, या दोन वेगळ्या जाती, हा माझा शोध. जळणारे जळोत.

९ जानेवारी
नियम तयार. झाडाचं नुसतं चित्र चालणार नाही, मूळ डेटा फाइल हवी. डीएनए ज्याचा घेतला तो प्राणी बाटलीत जपलेला हवा. कडक आहे. असायलाच हवं.

१३ जानेवारी
पेणच्या वैशाली मॅडमनी माझी फाइल मागितली. त्यांना मिठागरातल्या चिंबोऱ्या माझ्या झाडावर बसवायच्यात, पीएचडी अडलीय म्हणे. म्हटलं, माझ्या शोधनिबंधात चित्र आहे की. तर म्हणाल्या, सर, चित्रावर चिंबोरी बसत नाय. बाई फार बोलते.
फाइल जुन्या लॅपटॉपात होती. लॅपटॉप गेला. त्यात माझा काय दोष?

१५ जानेवारी
मग बाटल्या तरी द्या म्हणाल्या. आता आली पंचाईत. तेव्हा मी प्रत्येक चिंबोरीचा एक पाय लॅबला पाठवला आणि उरलेल्या चिंबोऱ्यांचं बायकोने, शांतीने, कालवण केलं. तिला जाब विचारला. म्हणते, मग काय फेकायच्या व्हत्या? तुमीच दोनदा वाढून घेतलंत. विज्ञानाची कदर नाही या घरात. पण भरलेली चिंबोरी बाटलीत घालणारा एक तरी माणूस रोह्यात दाखवा.

१९ जानेवारी
कासूहून ताज्या चिंबोऱ्या आणल्या. सगळं नव्याने करणार. आठवड्याचं काम.
दुपारी जरा डोळा लागला. उठलो तर कांदा-खोबरं परतल्याचा वास. टाकून देणं बरं दिसलं नसतं.

२५ जानेवारी, पेण
बैठक. वडखळला ट्रॅफिक, मी उशिरा. नियम एकमताने मंजूर, टाळ्या. लगेच वैशाली मॅडम म्हणाल्या, निमंत्रकांच्या झाडापासूनच सुरू करू. म्हटलं, जुन्या कामाला सवलत असते. गटातल्या हैबतराव सरांनी मसुदा चाळून विचारलं, ती कुठं लिवलीय? नव्हती. मीच खोडली होती. बोट दिलं की लोक हात धरतात म्हणून.
माझं झाड नाकारलं. माझ्याच नियमाने. म्हणजे नियम उत्तम आहे.

२० मे
वैशाली मॅडमनी स्वतः चिंबोऱ्या धरल्या, स्वतःचं झाड केलं. फाइल, बाटल्या, सगळं रीतसर. संग्रहात पहिलं त्यांचंच चढलं. त्यात काळी नांगी आणि तांबडी नांगी एकच जात निघालीय.
साफ खोटं. दोन आहेत. छातीठोक सांगतो, दोन आहेत. तसा कडक मेल लिहिला, सगळ्या गटाला. खाली लिहिलं, पुरावा सोबत जोडला आहे.
तासभर शोधलं. जोडायला काहीच नाही.