गिरणीचा तिसरा व्हिडिओ

नईम, मनामा
शनिवार, सकाळी

प्रिय केल्विन,

हे मी हाताने लिहितोय आणि पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. गुरुवारपासून अकरा फोन केले, तू एकही उचलला नाहीस. पण मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात. तेवढ्याच आधारावर लिहायला बसलोय. मराठीत अशासाठी, की इंग्रजीत तू मला 'ऑल गुड, पप्पा' म्हणून दोन सेकंदांत वाटेला लावतोस. सातवीपर्यंत वसईच्या शाळेत होतास, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालणार नाही.

आधी गिरणीचं बोलतो, कारण तू विचारलंस ते गिरणीचंच. दोन वर्षं आपल्यात वाढदिवस आणि नाताळ एवढंच उरलं होतं. आणि जानेवारीत एकदम मेसेज, की घरी बिअर करायची आहे, माल्ट दळायला दोन रोलरची गिरणी घेऊ की तीन? मी दुकानात होतो. आपल्या गल्लीतली म्हातारी मुनीरा हरीसचा, म्हणजे त्यांच्या मटणाच्या खिमटीचा, गहू भरडायला घेऊन आली होती. माझं तोंड बघून म्हणाली, "क्या हुआ निकोलस, लॉटरी लगा?" म्हटलं, लडके का मेसेज आया. "यल्ला, फिर आज का पिसाई मफी फुलूस!" मुलाच्या आनंदात तिचं दळण फुकट. आणि दिलंही मी. बाब अल बहरीनच्या वखारीत पोती उचलणारा हमाल म्हणून आलो, गिरण्या दुरुस्त करत दुकानाचा मालक झालो, पण माझ्या धंद्यातलं तू कधी काही विचारलं नव्हतंस.

त्या खुशीत काय केलं ते आठवतं ना? दोन रोलरची घे म्हणालो, ते बरोबर होतं. तीनची दाणा दोनदा चेपते, टरफल जास्त शाबूत राहतं, पण नवख्याला लावायला त्रास. चकत्यांची तर नकोच, ती सगळ्याचं पीठ करते. पण त्यापुढे म्हणालो, रोलर घट्ट आवळ, बारीक येऊ दे. पिठाच्या गिरणीवाल्याची अक्कल! तू आवळलेस आणि तुझ्या पातेल्यात खळ झाली, पाणी थेंबभर खाली उतरेना. तू फोटो पाठवलास, खाली लिहिलंस, 'पप्पा, भाकरी थापू का?' मी दिवसभर हसत होतो. तुझी मम्मी म्हणाली, चुकीचा सल्ला देऊन एवढा खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय.

मग मी शिकलो. जव आणले, मोड आणून वाळवले आणि दुकानातल्या भरडायच्या रोलरवर घालून बघितलं. तेव्हा कळलं, की बिअरला दाणा फक्त फुटायला हवा, तीन-चार तुकडे. टरफल अख्खं राहिलं पाहिजे, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं. फट एक मिलिमीटरच्या आसपास, आणि ती मधे नाही, दोन्ही टोकांना मोजायची. स्क्रू आवळल्यावर पुन्हा मोजायची, कारण आवळताना ती सरकते. ड्रिल लावलंस तर सावकाश फिरव, जोरात फिरवलं की टरफलाच्या चिंध्या होतात. दुसऱ्या व्हिडिओत ठक-ठक येत होती, ती डावं टोक जास्त मिटल्यामुळे. मी न बघता, नुसतं ऐकून सांगितलं, आणि तू लिहिलंस, 'कान आहेत की काय आहे!' त्याच व्हिडिओत मागे फ्रिजची घरघर होती, ग्लेनिस कार्टूनबरोबर गात होती आणि टिना सूनबाई तिला म्हणत होती, सूर तरी धर ग. माझ्या नातीचा तो बेसूर आवाज मी गिरणीपेक्षा जास्त वेळा ऐकला.

आता तिसरा व्हिडिओ, गुरुवारचा. ठक-ठक गेली. पण एक नवीनच झणझण आली, दाणा पडला की आवाज लांबत जाई. वाटलं पत्रा सैल आहे, बेअरिंग गेलंय. रात्रभर माझी झोप उडाली. दुकानात तसाच रोलर ड्रिलवर लावला, प्लेटा ढिल्या करून बघितल्या, तरी तसा आवाज येईना. काल आमच्या दुकानात कामाला असलेल्या बाळाजीने रंग द्यायचा म्हणून गोदामातली सगळी पोती बाहेर काढली, आणि मी रोलर सुरू केला तर तीच झणझण! मी पाना घेऊन धावलो. बाळाजी बादली ढवळत होता, मान वर न करता म्हणाला, "सेठ, मशीन को मत मारो. माल निकाला ना, इसलिए बोलता है. खाली कमरा बोलता है."

रिकामी खोली बोलते! मी तिथेच पायरीवर बसलो. मग तुझा व्हिडिओ पुन्हा लावला, आणि या वेळी गिरणी सोडून बाकीचं ऐकलं. फ्रिज नाही. कार्टून नाही. टिना नाही, ग्लेनिस नाही. सोफा नाही, पडदे नाहीत, गालिचा नाही. चार भिंती आणि तू. तुझी गिरणी चोख आहे रे, तिला हात लावू नकोस.

टिनाला फोन केला. रागावू नकोस, तिने आपणहून काही सांगितलं नाही, मी विचारत गेलो. महिना झाला म्हणे ती ग्लेनिसला घेऊन मेलबर्नला बहिणीकडे गेलीय. सामान तूच विकलंस. नोकरी तर नोव्हेंबरातच गेली होती. ती रडत म्हणाली, "पप्पा, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, तुमच्याशी बोल. त्याने केला होता तुम्हाला फोन."

केला होतास. मी मआमीरला होतो, पशुखाद्याच्या कारखान्यात, हात ग्रीसने भरलेले. तू म्हणालास, "पप्पा, यू फ्री?" आणि मी म्हणालो, संध्याकाळी बोलतो, यल्ला, चल ठेवतो. मग केलाच नाही. आता जे लिहितोय ते मी आजवर कुणाला, तुझ्या मम्मीलाही, सांगितलेलं नाही. मला ऐकू आलं होतं. त्या दोन शब्दांत तुझा गळा भरलेला होता, तो मशीनच्या गोंगाटात मला ऐकू आला, आणि तरी मी फोन ठेवला. मला वाटलं, पुन्हा तेच, धंदा नको म्हणून निघून गेलेला मुलगा, आता आलं असेल काहीतरी अंगाशी, भोगू दे थोडं. असं मनात आलं माझ्या. तुझी मम्मी नेहमी म्हणते, तुम्हाला मुंगी चाललेली कळते, पण माणसाचं ऐकायला थांबत नाही. मी हसण्यावारी न्यायचो.

तिला आज सकाळी ड्यूटीवर जाण्याआधी टिनाचं सगळं सांगितलं. तिने कपाटातून माझा पासपोर्ट काढला, ग्लेनिसच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या सोहळ्यासाठी काढलेला आणि मी न वापरलेला तो व्हिसा बघितला, आणि फोनवर तिकीट काढून मगच गणवेश चढवला.

तर का लिहिलं ते सांगतो. व्हिडिओखाली तू लिहिलंस, 'थँक्स पप्पा. फॉर एव्हरीथिंग.' केल्विन, आपल्या घरात कुणी कुणाला थँक्स म्हणत नाही. तू तर कधीच नाही. आणि माणूस सगळ्याबद्दल एकदम आभार कधी मानतो, ते मला कळतं. विमान उद्या दुपारचं आहे, तुझ्या दाराशी मी सोमवारी पोचेन. आज संध्याकाळी तुझ्याच शहरात राहणारा आपल्या वसईचा जेफ्री डबा घेऊन येईल, त्याला मीच पाठवलंय, दार उघड आणि त्याला रात्री राहू दे. पण त्याच्या आधीचे हे तास आहेत, आणि मला ते कशानेच ओलांडता येत नाहीत, म्हणून ही पानं. नोकरीचं नको सांगूस, टिनाचं नको सांगूस, गिरणी-बिअर काही नको. हे शेवटचं पान पोचलं की मी फोन करीन. तू बोलू नकोस. नुसता उचल आणि तसाच धरून ठेव. तू श्वास घेतोस तेवढा मला ऐकू येईल, आणि या वेळी मी ठेवणार नाही.

तुझाच, आता हातातलं सगळं काम खाली ठेवलेला,
पप्पा