चारही कोपरे

सानगडी, ता. १८ नोव्हेंबर १९७९

चि. इश्वर यास यादोराव याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे कार्ड येऊन बारा दिवस झाले आणि मी आज उत्तराला बसलो. बापावर रागावू नको. धानाची कापणी आहे हे एक कारण. दुसरे असे की तुझ्या कार्डाचा एक कोपरा फाटून आला. मयताच्या पत्राचाच कोपरा फाडतात हे तुला ठाऊक आहे. तुझ्या मायने दुरूनच पाहून हंबरडा फोडला. मी तीनदा वाचले, अक्षर तुझेच निघाले, तेव्हा ती गप्प झाली. तरी ते कार्ड तिने घरात येऊ दिले नाही. गोठ्याच्या वळचणीला खोचले आहे.

आणि आतला मजकूर त्या कोपऱ्याहून वाईट. कचेरीतले सहा जण सायकलींवर भंडाऱ्याहून दरेकशाच्या पहाडापर्यंत जाणार म्हणतोस. कायले? एसटी बंद पडली का? तुझी माय म्हणते, नोकरी लागली अन् लग्न नाही केलं, म्हणून पोराले असं खूळ सुचून राहिलं.

मी चौथी शिकलो, पण त्या पहाडातून वीस वर्षे बांबूच्या बैलबंड्या हाकल्या आहेत. चढ बैलाचा जीव घेतो, उतार माणसाचा. उतरताना आम्ही बंडीमागे लाकडाचा ओंडका बांधत असू. तो जमिनीला घासत आला की बंडी आवरते. माझा जोडीदार सेवकराम एकदा ओंडका न बांधता निघाला. चाकाला त्याने ओंगणही दिले नव्हते. तेलावाचून चाक सकाळपासून किंचाळत होते. मी म्हटले होते, बाबू, तेल घाल, किंचाळणारे चाक मालकाला खाते. तो हसला. खाली नाल्यात आम्हाला आधी बैल सापडले, मग तो.

तुमच्या सायकलीला ओंडका कुठे बांधतात ते कळव. जाणे रहित केलेस तर फारच बरे. म्हाताऱ्यावर माया असू दे.

तुझा बाप,
यादोराव


भंडारा, ता. २४ नोव्हेंबर १९७९

ती. बाबांच्या चरणी इश्वरचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

कोपरा मी फाडला नाही, खोलीतल्या उंदरानं कुरतडला. या कार्डाचे चारही कोपरे मोजून पाठवतो आहे. मायला दाखवा आणि त्या आधीच्या कार्डाला आता गोठ्यातून सोडवा.

बाबा, सायकलीला ओंडका नसतो! तुमचं पत्र मी कचेरीतल्या भैयाजीला वाचून दाखवलं, तर हसता हसता त्याच्या नाकातून चहा आला. आता सगळे मलाच ओंडका म्हणून हाक मारतात. सायकलीला ब्रेक असतो. मुठीजवळची दांडी दाबली की दोन रबरं चाकाच्या लोखंडी कडेला घासतात आणि चाक थांबतं. तोच आमचा ओंडका. मागच्या चाकाला दोन, पुढच्याला दोन. झालं समाधान?

सरावही चालू आहे. रोज सकाळी पूल ओलांडून कारध्यापर्यंत जातो, पुढे दोन मैल आणि परत. रविवारी लाखनीपर्यंत जाऊन आलो. आमच्या सहांतल्या खुशालच्या मांड्या इतक्या दुखल्या की तो दोन दिवस कचेरीत उभ्यानंच काम करत होता.

७ डिसेंबरला संध्याकाळी आम्ही सहाही जण मुक्कामाला आपल्याच घरी येतो. मायला म्हणावं लाखोरीच्या डाळीचे वडे कर, आणि सहा जणांसाठी नाही, बारा जणांसाठी कर. ८ ला आमगाव, ९ ला पहाड चढायचा, १० ला सोमवारी उतरायचा. मंगळवारी ११ ला रात्री मी खोलीवर परत. आता काळजीला जागाच कुठे उरली?

दोघांचा लोभ आहे तसाच राहू द्यावा.

आपला,
इश्वर


आमगाव, ता. ८ डिसेंबर १९७९

ती. बाबांना सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. रस्ता सारा सपाट, वारा पाठीला. खुशाल म्हणतो, मी सायकल चालवलीच नाही, मायच्या वड्यांनी चालवली.

काल अंगणात मी ब्रेक दाबला तेव्हा सायकल किंचाळली आणि तुमचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं होतं. तर ऐका, आज दिवसभर ती एकदाही ओरडली नाही! ब्रेक जरा मऊ लागून राहिला, पण सपाटीवर पाय टेकला की भागतं. पहाडात पोचलो की खुशाल पाना घेऊन पाहणार आहे. उतरताना सगळ्यांच्या पुढे कोण, याच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझी निघाली. मायला सांगू नका.

आपला ओंडका,
इश्वर


सानगडी, ता. १२ डिसेंबर १९७९

चि. इश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

तुझे आमगावचे कार्ड आज दुपारी मिळाले. पोस्टमन दिसला की मी आता आधी कोपरे पाहतो. चारही शाबूत होते. मग वाचले, आणि ब्रेक मऊ लागला ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

तुझ्या मायला न सांगितलेले तुला लिहितो. ८ तारखेला पहाटे तुम्ही सारे चुलीपाशी चहा पीत होतात. मी माळ्यावरची ओंगणाची जुनी नळी काढली. तूच लिहिले होते की रबर लोखंडाला घासते. जे घासते त्याला तेल हवे, एवढेच मला बापाने शिकवले. तुझी सायकल किंचाळलेली माझ्या कानातून जात नव्हती. एरंडीचे तेल घेतले, चिंधीने दोन्ही चाकांच्या कडांना फासले, चारही रबरांना चोळले. चाक फिरवून ब्रेक दाबला, आवाज नाही. मनातला सेवकराम त्या दिवशी पहिल्यांदा उठून गेला. तुम्ही पुन्हा हसाल म्हणून बोललो नाही.

आज सकाळी गुलाबच्या सायकल दुकानात बसून हे मोठ्या फुशारकीने सांगितले. तो पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर पाहत होता. त्याचा हात पाण्यातच थांबला. त्याने विचारले, मामाजी, रबराले पण? मी म्हटले, चारही. तो म्हणाला, मंग ते रबर चाकाले धरन कायले? नंतर म्हणाला, पोरगा हुशार आहे, त्याच्या ध्यानात आलं असन. पण हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

तुम्ही सोमवारी उतरलात. आज बुधवार. काल रात्रीपासून तू खोलीवर असायला हवास. मीच भंडाऱ्याला येणार होतो. दोनदा दुपट्टा बांधला, दोनदा सोडला. तुझी माय विचारील, कायले जाता, आणि मला तेलाचे सांगावे लागेल. ती अंगणात बसून तुझ्यासाठी लाखोरीची डाळ निवडून राहिली आहे, आणि भैयाजी किती खातो म्हणून एकटीच हसते. हे पत्र संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो. तो म्हणाला, खोलीवर नेऊन देतो. दार कोणी उघडले, हे परत येताना सांग, एवढी विनंती त्याला केली आहे.

पत्र तुझ्या हाती पडले असेल तर मला हवे तेवढे हस. साऱ्या कचेरीला वाचून दाखव. सायकल मोडली असेल तर मोडू दे. फक्त उत्तर खुशालच्या अक्षरात नको, तुझ्या अक्षरात पाठव. दोन ओळी पुरे. आणि पेटीत टाकण्याआधी कार्डाचे चारही कोपरे एकदा बोटाने चाचपून पाहा, बाबू. लौकर पाठव.

वाट पाहणारा,
यादोराव