बाटलीतली साय

बेंबळी, जि. उस्मानाबाद
ता. १२ ऑक्टोबर १९४८

श्री. बलभीमराव यांस,

जैनोद्दीनचा सलाम. आपण सोलापुरात सुखरूप असाल. टपाल पुन्हा सुरू झाल्याचं कळलं, म्हणून लिहायला बसलो. आपला पत्ता जळकोटच्या एका गाडीवानानं आणून दिला.

इकडे पाऊस बरा झाला. निम्म्या गावानं ज्वारी पेरली. उरलेल्या निम्म्या गावाचे बैल कुठं गेले ते त्यांनाच माहीत नाही. अम्माची तब्येत ठीक आहे. मी बाप होणार आहे, गुलबानोला सातवा महिना लागला. धाकटा मुनवर सध्या घरी नाही. त्याची कापूस पिंजायची कमान भिंतीला टांगलेली आहे आणि लोक गाद्यांचं विचारायला येत नाहीत, त्यामुळे तशी अडचण नाही.

निजाम सरकारचं आपलं भूगर्भ खातं आता राहिलं नाही. खात्याचे डॉक्टरसाहेब उन्हाळ्यातच कराचीला गेले. जाताना सगळ्या बाटल्या आणि नकाशा माझ्या घरी ठेवायला सांगितलं, "परत आलो की पुढचं काम करू," म्हणाले. मी वाट पाहत होतो.

एक विनंती आहे. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आपण दोघांनी शिवारात जे काम केलं ते काय होतं, याच्या चार ओळी आपल्या सहीनं मराठीत लिहून पाठवाव्यात. माझ्याजवळ कागद आहेत, पण ते उर्दूत आहेत आणि त्यांवर जुन्या सरकारचा शिक्का आहे. हल्ली तो दाखवला की गोष्ट बिघडते.

आपण विसरला नसाल, तरी लिहितो. जळकोटजवळ विहीर खोदताना पाण्यातून बुडबुडे आले, कुणीतरी बिडी पेटवली आणि भपकन जाळ झाला. तिथून सगळं सुरू झालं. जमिनीच्या पोटात तेल किंवा वायू असेल तर त्याचा अगदी बारीक अंश दगडाच्या फटींतून वर झिरपतो. माणसाला त्याचा वास येत नाही, पण मातीत असे जंतू असतात की ज्यांचं पोट त्याच वायूवर भरतं. जिथं वायू पोचतो तिथं ते फार वाढतात. आपण हातभर खोल खणून माती घ्यायची, ती मिठाच्या पाण्यात बाटलीत घालायची, हैदराबादेहून रबरी पिशवीतून आणलेला वायू वर सोडायचा आणि बूच लावून ऊबेत ठेवायचं. पंधरवड्यानं पाण्यावर दुधासारखी साय धरली, तर त्या रानात जंतू आहेत, आणि जंतू आहेत तर खाली काही असेल. रशियात असं करून पाहतात म्हणून डॉक्टरसाहेबांनी वाचलं होतं. तुला आठवतं का, पहिली साय आली तेव्हा तू बाटली डोळ्याशी धरून म्हणालास, "जैनू, ह्ये तर आपल्यापरीस बेस जगत्यात, हवा खाऊन!"

माफ करा, "तू" लिहून गेलो.

एवढंच लिहून द्यावं. कशासाठी ते मागाहून कळवीन. घाई नाही. म्हणजे, थोडी आहे.

आपला,
जैनोद्दीन


बेंबळी
ता. २० नोव्हेंबर

बलभीम,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं मी अम्माला सांगितलं. आता "आपण" लिहिणार नाही, मला ते जमत नाही.

मुनवर लॉकअपमध्ये आहे. गेल्या वेळीच लिहायचं होतं. दोनदा लिहून खोडलं.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली तेव्हा गावात पळापळ झाली. अम्माला आणि गुलबानोला घेऊन मी ओढ्याकडच्या उसात जाऊन बसलो. मुनवर घर राखायला मागं राहिला. चार दिवसांनी परगावचं एक पथक झडतीला आलं. त्यांना माळ्यावर बाटल्या सापडल्या. पाणी गढूळ, वर साय, बूच काढल्यावर नासका वास. विहिरींत टाकायचं विष, असं ते म्हणाले. मग नकाशा सापडला. रानं, रानांच्या मालकांची नावं उर्दूत, आणि जिथं साय आली त्या नावांवर लाल गोल. आण्णासाहेब, सिद्रामप्पा, कडूबाई. सगळी हिंदूंची नावं. रानं त्यांची आहेत, त्याला मी काय करू? पण त्या दिवसांत तो नकाशा बघून दुसरं काय वाटणार? कुणाला लुटायचं, कुणाचं घर जाळायचं, याची ती खूण ठरली.

"ह्ये कुणाचं?" त्यांनी विचारलं.

मुनवर म्हणाला, "माझं."

शेजारच्या रुद्रम्मानं भिंतीआडून ऐकलं. तिनंच मला सांगितलं.

मी उसातून परतलो आणि दुसऱ्याच दिवशी जिल्ह्याला गेलो. म्हणालो, बाटल्या माझ्या आहेत, मला धरा, त्याला सोडा. तिथला कारकून हसला. "परवापासून तू तिसरा. सगळ्यांचेच भाऊ निर्दोष हायेत." मी माझा नोकरीचा हुकूमनामा दाखवला. शिक्का बघून त्यानं तो दोन बोटांनी परत सरकवला. मी तिथल्या नव्या अधिकारीसाहेबांना जंतूंचं सांगू लागलो. साहेब मद्रासकडचे. त्यांना माझी भाषा कळेना, आणि दुभाष्याला जंतू कळेनात. "मातीतले किडे गॅस खातात," असं त्यानं सांगितलं असावं, कारण साहेबांनी माझ्याकडे वेड्याकडे बघतात तसं बघितलं.

आण्णासाहेबांकडे गेलो. तुला माहीत आहे, त्यांच्या रानात आपण सहा खड्डे घेतले आणि त्यांनी रोज ताक पाजलं. उन्हाळ्यात रझाकारांनी त्यांचं धान्य नेलं, बहिणीच्या नवऱ्याला रस्त्यात ठार मारलं. ते ओट्यावर बसले होते. मला बसायला सांगितलं. मग म्हणाले, "जैनोद्दीन, मला म्हाईत हाय तुमी काय करत व्हता. पर बहीण आत बसलीय. तिच्यादेखत तुमच्या बाजूनं बोलायला माझी जीभ उचलत न्हाय." सलाम करून परत आलो.

कडूबाई मात्र आपण होऊन जिल्ह्यापर्यंत चालत गेली. साहेबांपुढं उभी राहून म्हणाली, "त्या पोरांनी माझ्या रानातली वंजळभर माती न्हेली, दुसरं कायबी न्हाय." कारकुनानं लिहून घेतलं: रानातून माल नेल्याची बाईची तक्रार. तिला वाचता येत नाही. तिनं अंगठा दिला आणि घरी येऊन मला म्हणाली, "सुटंल आता, म्या सांगून आले." मी तिला खरं सांगितलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. नावं माझ्या अक्षरात आहेत, पण गोल तू काढलेस. तुझा हात स्थिर म्हणून डॉक्टरसाहेब तुलाच दौत द्यायचे. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. तू सरहद्दीवरच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कँपात होतास, लोक तुला मानतात. तुझं नाव त्या नकाशाला लागलं तर काय होईल ते मला कळतं. कँपात जाताना तू म्हणालास, "तुझंच राज्य हाय, तू कशाला येशील?" त्याचा राग माझ्या मनात नाही. अम्मा एकटी होती म्हणून मी आलो नाही, एवढंच.

तू आलास तर बरं होईल. नाही आलास तरी मी समजेन. मात्र मला जमेल ते सगळं करून झालं आहे.

जैनू


बेंबळी
ता. ३० जानेवारी १९४९

बलभीम,

तुला मोटारीत बसवून मी आणि सुटून आलेला मुनवर फाट्यावरून चालत निघालो. तू म्हणालास, घरी पोचलात की कळव. पोचलो. कळवायला आठ दिवस लागले.

साहेबांपुढं तू काय बोललास ते मी रोज आठवतो. "गोल मी काढलेत. ह्याला धरायचं तर मलाबी धरा." दुभाष्याची वाट न बघता तू नकाशावर बोट ठेवून एकेक रान सांगत गेलास, कुठं साय आली, कुठं आली नाही. दुभाषी मागून सांगत राहिला, आणि साहेबांनी तुझं ऐकलं. तेच शब्द मी सप्टेंबरात बोललो होतो. असो. तू आलास.

साहेबांनी शेवटी विचारलं, मग तिथं तेल आहे का? तू माझ्याकडे बघितलंस. डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं होतं की असा वायू कुजक्या गाळातूनही निघतो, आणि जंतूंना त्यातला फरक कळत नाही. जमिनीत खोल भोक पाडल्याशिवाय ते ठरणार नव्हतं. आता कोण पाडतो? बाटल्या तर झडतीवाल्यांनी पहिल्याच दिवशी फोडून पुरल्या.

मुनवरचं लिहितो. त्याच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, ते तू पाहिलंसच. हाताची दोन बोटं वळत नाहीत. कमान धरता येईल की नाही, कळत नाही. गुलबानोला मुलगी झाली. तिला मांडीवर घेऊन तो दिवसभर बसतो. अम्मा त्याच्याकडे बघत बसते. कुणी काही विचारत नाही.

फाट्यावरून येताना मी त्याच्या उजव्या बाजूनं चालत होतो. वाटेत तो थांबला आणि म्हणाला, "भाई, आत मला रोज विचारायचे, बाटल्यांत काय हाय, सांग. मला सांगता येईना. म्हणून जास्ती मारायचे. काय होतं खरं?"

बलभीम, घरात त्या बाटल्या महिनोन्‌महिने होत्या. त्याच्या उशावरच्या माळ्यावर. त्यानं कधी विचारलं नाही, आणि मोठ्या भावाचं सरकारी काम म्हणून मीही कधी बसवून सांगितलं नव्हतं.

मी रस्त्याच्या कडेला बसून त्याला सगळं सांगितलं. जंतू, वायू, साय. तुला आणि मला ज्याचं एवढं कौतुक होतं ते सगळं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आपण मोठ्यांचं ऐकतो तसं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे भाई. आता कशाला? मला तवाच वाटलं होतं, विष हाय म्हणून. जमाना तसाच होता. घरात अम्मा होती, भाबी पोटुशी होती. म्हणून म्या म्हणलं, माझं."

मी शपथ घेतली. कुराणाची घेतली. तो मान हलवत राहिला. माझ्यावर त्याचा राग नाही. त्यानं मला माफ केलं आहे, आणि जे मी केलंच नाही त्याची माफी कशी परत करायची ते मला माहीत नाही.

साहेबांना तू पटवलंस. ह्याला कोण पटवणार? तू येऊन सांगितलंस तरी त्याला वाटेल, भाईचा दोस्त आहे, भाईसाठी बोलतो.

तरीही ये. वहिनींना सलाम. जळकोटला आईवडिलांना सलाम.

ज्याच्या भावाला तू सोडवलंस, तो
जैनू