हुंड्यातलं ध्रुपद

बेतिया, ४ डिसेंबर १९६७

रा. रा. कपिलेश्वर पाठक, व्याहीबुवा यांस जगदानंद मिश्र याचा सा. न. वि. वि.

इकडे क्षेम. मखाण्यांचं पोतं पोचलं. चंद्रकला म्हणते, बाबांनी निवडून धाडलेत. मला निम्मे फुटके दिसले, पण सुनेच्या माहेरच्या मालाला नावं ठेवायची सोय या घरात नाही.

आता मुद्दा. बावीस वर्षांपूर्वी लग्नात तुम्ही हुंडा म्हणून भैरवातलं ध्रुपद दिलंत. स्थायी, अंतरा, संचारी एवढं दिलंत आणि चौथा भाग, आभोग, पहिल्या नातवंडाच्या बारशाला देतो म्हणालात. बारशाला म्हणालात, जावळाला. ती नात सुनयना आता सतरा वर्षांची झाली. वसंत पंचमीला मुजफ्फरपूरच्या सभेत गाणार आहे, आमच्या घरातली सभेत बसणारी पहिली मुलगी. मी आजवर संचारीनंतर पुन्हा स्थायी धरून वेळ मारून नेली, पण पोर म्हणते, शेपूट तुटलेलं मी गाणार नाही. शाळेत कवितेचं शेवटचं कडवं गाळलं की आमचे पंडितजी बाकावर उभं करीत. तुमचे गुडघे पाहता ते नको. आभोग धाडा.

लोभ आहेच, तो चारी भागांचा असावा.

कमलपूर, १३ डिसेंबर

सुनयनेच्या एका आजोबांस दुसऱ्याचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला. बेतियाच्या दातांना फुटका मखाणा आणि अखंड मखाणा सारखाच, हे ठाऊक असतं तर निवडत बसलो नसतो.

ध्रुपद का कुठे टपालानं जातं? पोरीलाच इकडे धाडा. सकाळी दही-चुडा, घरच्या पोह्यांचा, दुपारी तळ्यातला रोहू मासा, मध्ये थोडा रियाज. लहानपणी तळ्यावर धुकं असायचं आणि वडील पायरीवर तानपुरा जुळवत. तो जुळेपर्यंत धुकं विरून पलीकडच्या काठावरचे बगळे एकेक करून दिसू लागत. मला वाटे, वडीलच ते बगळे तारेतून काढताहेत. आभोगाविषयी लिहायचं होतं, पण कागद संपला.

लोभ करावा, घाई करू नये.

बेतिया, १० जानेवारी १९६८

व्याहीबुवांस सा. न. वि. वि.

पोर परत आली, गालांवर रोहू घेऊन, आभोगावाचून. म्हणते, आजोबा रोज तानपुरा जुळवायला बसतात आणि तो जुळेस्तोवर पानं वाढली जातात. दोन दिवस खोकला, एक दिवस नुसतेच तिच्याकडे बघत बसलात. विसरला असाल तर मोकळेपणी सांगा. मी हसणार नाही, फक्त चार गावांत सांगेन. पण सुनयना सभेतून नाव काढून घेते म्हणते, आणि मला तिची समजूत घालता येत नाही.

उत्तरात बगळे नकोत. लोभाला उशीर चालतो, आभोगाला नाही.

कमलपूर, १७ जानेवारी

जगदानंदजींस साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखरचा.

विसरलो असतो तर सुटलो असतो. आभोगात रचणाऱ्याचं नाव येतं, हे तुम्हाला काय सांगायचं. या आभोगात नाव आहे गिरिधराचं. तुमच्या आजोबांचं. माझे आजोबा बेतियाच्या दरबारात त्यांच्या साथीला पखवाज धरत. ऐकून ऐकून ध्रुपद उचललं, विचारलं नाही. आमच्या घरात आभोग दार लावून म्हणत.

लेकीला आपल्याकडचं सगळ्यात उत्तम द्यावं, म्हणून ते दिलं. संचारीपर्यंत आल्यावर ध्यानात आलं की चोरलेली गाय मी तिच्याच गोठ्यात दान करतो आहे. सुनयनेसमोर तोंड उघडवेना. हुंड्यात दिलेली चीज देणाऱ्यानं पुन्हा गायची नाही, ती रीत मात्र पाळली. बावीस वर्षं गुणगुणलोही नाही.

आभोग स्वरांसकट सोबत आहे. राग माझ्यावर काढा, चंद्रकलेवर नको. लोभ मागायला तोंड नाही.

बेतिया, ८ फेब्रुवारी

व्याहीबुवांस सा. न. वि. वि.

सुनयना गायली. माझ्या आजोबांचं नाव आलं तेव्हा माझ्या तोंडात पान होतं, ते चावायचं राहून गेलं. आजोबा वारले तेव्हा माझे वडील नऊ वर्षांचे. घरातली अर्धी ध्रुपदं त्या दिवशी चितेवर गेली. तुमच्या आजोबांनी चोरी केली नसती तर हेही गेलं असतं. तेव्हा त्यांनी आणखी काय काय उचललं होतं, त्याची यादी धाडा.

चंद्रकलेला मी काही बोललो नाही. तीच मला बोलली, बाबांना छळलंत म्हणून.

राहिली रीत. जे तुमचं नव्हतंच ते तुम्ही दिलंत कसं? म्हणजे हुंडा झाला नाही आणि बंदीही लागली नाही. बावीस वर्षं फुकट गप्प बसलात. होळीला या, दोघं मिळून म्हणू. आभोग तुम्ही उचला, मला अजून नीट बसलेला नाही.

लोभ न विचारता उचलून न्यावा. परत मागणार नाही.

जगदानंद