सहरीच्या दोन गोळ्या

नगर, रमजान १९७१

प्रिय मेहताब,

आज दुपारी तुझ्या अब्बांना मी जबरदस्तीनं गुळाचं पाणी पाजलं आणि आपल्या लग्नाला होत आलेला होकार तिथंच फिसकटला.

भिंगारच्या दुकानात शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ते घामानं निथळले, हात थरथरू लागले, मला ओळखेनात. साखरेच्या रोग्याला असं झालं तर गोड द्यावं, एवढं अर्धवट सोडलेल्या कॉलेजात कानावर पडलं होतं. सावध होताच ते गरजले, "माझा रोजा मोडलास! कॉलेज सोडून डागदर झालास व्हय रे? पुन्हा भिंगारात दिसू नकोस." मीही तडकलो, "आधी उठून उभे तर राहा!" हे बोलायला नको होतं.

पण मला कोडं पडलं. रोजा माझाही आहे. चहावाचून डोकं ठणकतं, दुपारनंतर भूकच मरते, अंग उलट हलकं वाटतं. मग त्यांनाच असं का? तडक त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "दुपारची गोळी कधी घेतात?" तेव्हा आठवलं, अब्बा गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगत होते, "दुपारी गोळी घेतली तर रोजा तुटंल, म्हणून दोन्ही पहाटे सहरीच्या जेवणालाच उरकतो."

डॉक्टर म्हणाले, "औषध एकदम दुप्पट आणि दिवसभर पोट रिकामं, मग साखर पार खाली जाणारच! आज वाचले. आजाऱ्याला रोजा माफ असतो, हे त्यांना मी सांगायचं का?"

तुला कळवायला बसलो खरा, पण टपालानं हे भिंगारात परवा पोहोचेल आणि अब्बा उद्या पहाटेच पुन्हा दोन गोळ्या घेतील. त्यांच्या तोंडावर सांगायलाच हवं. पत्र इथंच ठेवतो, दार ओढून घेतो आणि निघतो.

ते हो म्हणोत, न म्हणोत, तुझाच
अलीम