बांधलेला हात

अंजनगाव सुर्जी
५ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रूपालीस,

वहिनीचे आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. तू माझा फोन घेत नाहीस आणि दादाला "बरं" म्हणून फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र अकोल्याला जाणाऱ्या फुलांच्या टोपलीत ठेवते आहे. टोपली परत पाठवलीस तर फुलं वाळतील, पत्र काही वाळत नाही.

आधी एक सांगते. आईंना तुझ्याकडे लकवा आला, तेव्हा मालिशवाल्याचं नाव सुचवणाऱ्या शेजारणीला बाजूला सारून तू सरळ दवाखाना गाठलास. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं. अमरावतीचे डॉक्टर आजही म्हणतात, जीव लेकीनं वाचवला.

उजवा हात आणि बोलणं मात्र गेलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी अमरावतीच्या पुनर्वसन केंद्रात पाठवलं. तिथे उभं केलं की आईंना भोवळ यायची. केंद्रवाले म्हणायचे, बीपीच्या गोळीचं अकोल्याला विचारा. अकोलेवाले म्हणायचे, बघितल्याशिवाय कसं सांगू. शेवटी मी आईंचा व्यायाम घेणाऱ्या रागिणी मॅडमना समोर बसवलं, अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आता तुमी दोघं बोला, मी चूप बसतो," म्हटलं. गोळी कमी झाली, भोवळ थांबली. आता ते एकमेकांना आपणहून फोन करतात, बहुतेक माझ्या धाकानं.

घरी वेगळीच गंमत. भेटायला येणारी प्रत्येक बाई आईंना घास भरवून जायची. मीही भरवायचे, सून ना मी. सगळे सेवा करत होते आणि उजवा हात मांडीवर पडून होता. मॅडमनी तपासून सांगितलं, या बोटांत जीव आहे, पण त्यांना कुणी कामच देत नाही. रोज थोडा वेळ डावा हात कापडी पिशवीत बांधा आणि कुणी भरवू नका.

नेमकी तेव्हा तू आलीस. आईंचा चांगला हात बांधलेला, लुगड्यावर वरण सांडलेलं आणि मी समोर नुसती बसलेली. "माह्या मायचा हात बांधता तुमी?" म्हणालीस आणि पाणीही न पिता गेलीस. मी समजावलं नाही. मलाही ते बघवत नव्हतं, रूपाली.

पुढचं मी तुझ्या दादालाही सांगितलेलं नाही. तू गेल्यावर मी रडले, पिशवी सोडून टाकली आणि भरवायला घास उचलला. आईंनी तोंड मिटून घेतलं. पिशवी उचलून माझ्या मांडीवर टाकली आणि डावा हात पुढे केला. शब्द फुटत नव्हता, पण बाजारात घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला ज्या डोळ्यांनी गप्प करायच्या, तेच डोळे होते. मी मुकाट्यानं बांधला.

आता ऐक. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आई आपल्या फुलांच्या दुकानावर बसल्या. सुई उजव्या हातात, झेंडू डाव्यात. हार वाकडातिकडा होत होता, म्हणून शेजारच्या दुर्गाबाई तो घ्यायला पुढे झाल्या. "हात नोको लावू," आई अडखळत म्हणाल्या. "माहा हार हाये."

दुकानांची सगळी ओळ हसली. तुझा दादा पाठ फिरवून उगाच पोती मोजत बसला. आणि तोच हार एका गिऱ्हाईक बाईनं विकत नेला. जिंकलो आपण. अकोला जिंकलं, अमरावती जिंकली, आणि तुझी माय तर अशी जिंकली की आता दुकानात मलाच कामाला लावते.

काल जेवताना त्यांनी विचारलं, "रूपाली कावून येत नाही?" मी म्हटलं, कामात असेल. त्यांना ते पटलं नाही. मग एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "भाऊबीजेले ये म्हना तिले. मी वाढीन."

त्या वाढतील. भात ताटाबाहेर पडेल, वेळ लागेल. तू मदतीला उठू नकोस. माझ्याशेजारी बस, आणि अगदीच राहवलं नाही तर माझा हात घट्ट धर. मलाही अजून राहवत नाही.

त्याच मायची दुसरी लेक,
सीमावहिनी