आधी तो पाळणा थांबव

कोकंद, १२ एप्रिल, शनिवार

इल्होमजॉन, माझ्या लेकरा,

खुशाल असशील. आम्हीही आहोत. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, तरी सकाळी सातला लेथवर बसतातच. जर्दाळूचा मोहोर गळून गेला, यंदा थंडीने मारला नाही. झालं, घरची बातमी संपली.

तुझ्या फोनवर सतरा निरोप टाकले. वाचल्याच्या खुणा उमटतात, उत्तर उमटत नाही. म्हणून कागद घेतला. उद्या ताश्कंदला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या हातात देते. तू वाचेपर्यंत दारातून हलू नकोस, असं त्याला सांगितलंय. माणूस दांडगा आहे.

नवरोजला आलास, पुलाव ओरपलास आणि हात पुसत म्हणालास, "खाला, दोन तासांत तुमच्या पाळण्यांची वेबसाइट उभी करतो. जग दारात येईल!"

आलं जग. पान उघडलं की समोर रिकामा पाळणा. आणि झुलतोय! डावीकडे, उजवीकडे, आपोआप. अरे, चाळीस वर्षं दुकानात कुणी सहज म्हणून पाळण्याला धक्का दिला, तर मी हातावर कुंचला मारत आलेय. रिकामा पाळणा हलवू नये, तान्ह्याच्या जिवावर बेततं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुला कळलं नाही. परवा मी जिरं आणायला बाजारात गेले, तर शेजारची फझिलत चारचौघींत म्हणाली, "मुकर्रम-ओपा, आता पाळण्याबरोबर कफनाचं कापडही ठेवता का हो?" हसल्या सगळ्या. जिरं न घेताच परत आले.

तुला विचारलं होतं ना, कोणत्या कंपनीचं घेतोयस, नीट बघितलंस का? तर म्हणे, "हे फुकट आहे, साचा तयार आहे, वर चित्र आपोआप हलतं. हलतं चित्र असलं की लोक थांबतात, खाला." थांबतात रे बाबा. छातीवर हात ठेवून थांबतात!

मी सात यत्ता शिकलेली बाई. पण तू गेल्यावर चष्मा लावून पंधरा दिवस बसले, चार कंपन्यांची पानं उघडली नि मिटली, आणि तुझ्या डिप्लोम्याला जे कळलं नाही ते मला कळलं. दिसणं सगळ्यांत शेवटी बघायचं. आधी माल काय, गिऱ्हाईक कोण ते बघायचं. माझं गिऱ्हाईक म्हणजे नुकतंच नातवंड झालेली आजी. हातात जुना फोन, रशियन वाचता येत नाही. तुझं पान तिच्या फोनवर अर्धंच उघडतं आणि बटणं सगळी रशियन. मग बघायचं की मला माझ्या हाताने एखादं चित्र काढता-लावता येतं का. आणि उद्या कंपनी सोडली तर पानाचा पत्ता माझ्याकडे राहतो की तिच्याकडे. तू आमचं दुकान परक्याच्या ओसरीवर मांडलंस आणि किल्ली खिशात घालून ताश्कंदला गेलास. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, खातेदारानेच लिहावं. खातेदार कोण? तू! पाळणे रंगवते मी, खातेदार तू.

एवढ्यावर भागलं असतं तर कागद खराब केला नसता.

फोटो काढायला पुढच्या खोलीत बावीस पाळणे होते. तुला मागच्या खोलीत जायला कुणी सांगितलं? चादर ओढायला कुणी सांगितलं? "सगळ्यांत देखणा तोच होता," म्हणशील. होताच. इतका देखणा पाळणा झाकून का ठेवलाय, एवढं तरी विचारायचंस.

मंगळवारी लेकीचा फोन आला, आपल्या सानोबरचा, सासरहून.

"ओयी, त्या चित्रातल्या पाळण्यावर डाळिंबाची फुलं आहेत."

"असतात गं."

"नसतात. तुम्ही सगळ्यांना बदाम काढता. डाळिंब फक्त माझ्या लग्नाच्या ओढणीवर काढलं होतंत. कुणाचा आहे तो?"

"गिऱ्हाइकाचा."

"कुठल्या?"

मी म्हटलं, हात रंगाचे आहेत, मग बोलते.

"केव्हा केलात, ओयी?"

इल्होम, पोटुशी बाई पाळणा घ्यायला आली तर मी तिला दारातूनच परत पाठवते. "आधी बाळ, मग पाळणा," हे माझं वाक्य गावाला पाठ आहे. आणि मीच सानोबरच्या लग्नाच्या हिवाळ्यात तो करून ठेवला. हौस, दुसरं काय. वाटलं, वर्षभरात लागेलच. नऊ वर्षं झाली. ह्यांनाही सांगितलं होतं की लाकडाला तडा गेलाय म्हणून बाजूला ठेवलाय. दर ईदला पोर यायची, मान खाली घालून बसायची. मी तिला चहा ओतत म्हणायची, "मला काही घाई नाही बाई, तू सुखात राहा." मध्ये एक भिंत, आणि पलीकडे तो.

शेवटी मी वर्ष सांगितलं. ती म्हणाली, "सासू तोंडावर बोलते, ते मी सोसलं. तुम्ही काही म्हणत नाही, म्हणून तुमच्याकडे येऊन बसत होते. तुम्हीही वाटच बघत होतात." आणि म्हणाली, "तो हलतोय, ओयी. सगळे बघतायत. थांबला की फोन करा."

तेव्हापासून फोन उचलत नाही.

तू नुसतं चित्र लावलंस. करून ठेवलं ते मी, लपवलं ते मी, खोटं बोलले ती मी. हे तुला लिहायचं नव्हतं, पण नुसतं तुलाच ओरडून मोकळं होता येईना. तरी थांबवायची किल्ली तुझ्याकडे आहे आणि तू गप्प बसलायस, ह्याचा राग जात नाही. जाणारही नाही इतक्यात.

रिश्तानची एक आजी नेमका तोच पाळणा घ्यायला शुक्रवारी येतेय. तिचा नातू आठ दिवसांचा आहे. देऊ की ठेवू, हे ह्या वेळी मी ठरवणार नाही. सानोबरला विचारायचंय. त्यासाठी तिने फोन उचलायला हवा, आणि तिने उचलायला ते चित्र थांबायला हवं.

तेव्हा पासवर्ड ठळक अक्षरांत कागदावर लिही आणि ह्याच टॅक्सीवाल्याच्या हाती दे. कारणं लिहू नकोस, माफीही लिहू नकोस. नवीन पान मी त्या चौथ्या कंपनीचं घेतेय. साधं आहे, आपल्या भाषेत आहे, काही हलत नाही. खातं माझ्या नावाचं.

सोबत वाळवलेले जर्दाळू आहेत. राग वेगळा, पोट वेगळं. खा.

तुझी खाला, आणि सानोबर फोन उचलेल तेव्हा पुन्हा तिची आई,

मुकर्रम